लिनक्समधून विंडोजची डी ड्राइव्ह उघडत नाही, किंवा उघडते पण लिहू देत नाही: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून आपल्याकडे जुन्या मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यात लातूर-नांदेडला शिकणारी पोरं आहेत, तालुक्याच्या गावातले मल्टी सर्व्हिसेसवाले आहेत आणि घरी जुना डेस्कटॉप असलेले शिक्षकही आहेत. लिनक्स नीट चालतं, इंटरनेट चालतं, प्रिंटरही लागतो. अडतं ते डी ड्राइव्हवर. सातबारे, जातीच्या दाखल्यांचे स्कॅन, लग्नाचे फोटो सगळं तिथंच असतं.

आज्ञांबद्दल एक खुलासा आधीच: खाली त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करायच्या. लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो, तेव्हा सगळी अक्षरं लहान ठेवा. वेगळं काही असेल तिथं तसं सांगितलं आहे.

लक्षणं

आपल्याला नेमकं कोणतं लक्षण दिसतंय ते आधी ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

ड्राइव्हवर क्लिक केलं की "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक" अशी लांबलचक ओळ येते आणि ड्राइव्ह उघडत नाही.

"विंडोज इज हायबरनेटेड, रिफ्यूज्ड टू माउंट" किंवा "मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश" असा संदेश येतो.

ड्राइव्ह उघडते, फाइली दिसतात, पण नवी फाइल ठेवता येत नाही, जुनी पुसता येत नाही, आणि "रीड-ओन्ली" असं उत्तर मिळतं.

ड्राइव्ह उघडायला पासवर्ड मागते, आणि तो पासवर्ड कुणी कधी ठेवल्याचं कुणाला आठवत नाही.

ड्राइव्ह, किंवा अख्खी डिस्कच, लिनक्सला दिसत नाही.

ड्राइव्ह उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, मध्येच अडकते, डिस्कमधून टकटक आवाज येतो. हे शेवटचं लक्षण असेल तर मधलं काहीही न करता सरळ "थांबायची जागा" या भागावर जा. मधल्या भागातला एखादा उपाय अशा डिस्कवर केलात तर उरलेला डेटाही जाऊ शकतो.

पहिली तपासणी: विंडोज खरंच बंद आहे का?

बहुतेक मशीन इथंच सुटतात आणि खर्च शून्य आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. तुम्ही शटडाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. त्याची त्या क्षणाची स्थिती सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथून उचलली जाते. त्या स्थितीत डी ड्राइव्हचा हिशोबही असतो: कोणती फाइल कुठं आहे, कुठं जागा मोकळी आहे. मधल्या वेळेत लिनक्सने डी वर काही लिहिलं, तर परत आलेलं विंडोज जुन्या हिशोबाने काम सुरू करतं आणि नव्या फाइलींवर बेलाशक लिहितं. एक खतावणी दोघांनी वेगवेगळी लिहिल्यासारखं होतं. म्हणून लिनक्स दार बंद ठेवतं. तो बिघाड नाही, तुमचा डेटा राखण्यासाठी केलेली अडवणूक आहे. ती जबरदस्तीने मोडायची नाही.

विंडोज सुरू करा. स्टार्ट मेनूत शटडाउनऐवजी रीस्टार्ट निवडा आणि मशीन परत सुरू होताना लिनक्स निवडा. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही, म्हणून विंडोज पूर्ण बंद होतं. शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं तरी तेच होतं. आता लिनक्समध्ये ड्राइव्ह उघडली, तर कारण सापडलं.

कायमचा उपाय असा: विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करा आणि लिहा:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, आणि ती हायबरफिल फाइल पुसली जाऊन सी वर काही जीबी जागाही मोकळी होते. हायबरनेट वापरत असाल आणि तेवढं ठेवायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" इथं जाऊन फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मात्र मग लिनक्समध्ये येण्याआधी विंडोज हायबरनेट करायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा. आमचं मत पहिल्या आज्ञेच्या बाजूने आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही सोय कधी कधी पुन्हा चालू झालेली सापडते. सहा महिन्यांनी तोच त्रास परत आला तर आधी इथंच बघा.

यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्कही यात अडकते. डिस्क जोडलेली असताना विंडोज शटडाउन केलं आणि मग ती काढून लिनक्सला लावली, तर तिचा हिशोबही विंडोजच्या पोटातच राहिलेला असतो. म्हणून बाहेरची डिस्क नेहमी "इजेक्ट" करूनच काढायची.

दुसरी: समोर नेमकं काय आहे ते बघा

एलएसबीएलके -एफ

(अक्षरं: एल, एस, बी, एल, के, मग स्पेस, डॅश, एफ.) ही आज्ञा फक्त दाखवते, काही बदलत नाही, तेव्हा बिनधास्त चालवा. डिस्कच्या प्रत्येक भागासमोर (पार्टिशनसमोर) फाइल सिस्टिमचं, म्हणजे फाइली ठेवण्याच्या पद्धतीचं, नाव, लेबल आणि यूयूआयडी, म्हणजे त्या भागाचा ओळख क्रमांक, दिसेल. विंडोजचे भाग एनटीएफएस असतात. १०० एमबीच्या आसपासचा व्हीफॅट भाग म्हणजे मशीन सुरू करणारा ईएफआय भाग. त्याला हात लावू नका. पाचशे एमबी ते एक जीबीचा आणखी एक एनटीएफएस भाग दिसला तर तो विंडोजचा रिकव्हरी भाग. खूप जण तो उघडतात, आत आपलं काही दिसत नाही, आणि डेटा गेला म्हणून हबकतात. साध्या आज्ञेने, म्हणजे नुसतं एलएसबीएलके लिहून, आकार पाहा आणि डी ड्राइव्ह कोणती ते आकारावरून ठरवा. तिचं नाव कागदावर लिहून ठेवा: एसडीए३, एसडीबी१, किंवा नव्या मशीनवर एनव्हीएमई०एन१पी४ असं काहीतरी. पुढच्या आज्ञांत आम्ही एसडीए३ धरलं आहे. तुमचं नाव वेगळं असणार, तेव्हा डोळे झाकून उतरवू नका.

फाइल सिस्टिमच्या रकान्यात "बिटलॉकर" (विंडोजचं डिस्क-कुलूप) दिसत असेल तर तिसरी-चौथी तपासणी सोडून पाचवीवर जा.

"अननोन फाइलसिस्टिम टाइप एनटीएफएस" असा संदेश येत असेल तर एनटीएफएस वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा टाकायचा राहिला आहे. उबंटू, मिंट, डेबियनवर (सुडो म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने):

सुडो एपीटी इन्स्टॉल एनटीएफएस-३जी

तिसरी: वीज गेली होती का?

मशीन चालू असताना वीज गेली तर विंडोजला हिशोब मिटवायला वेळच मिळत नाही. भागावर "डर्टी" अशी खूण राहते. लिनक्सच्या गाभ्यात ५.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, असलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर ही खूण दिसली की माउंट करायला, म्हणजे भाग उघडून द्यायला, नकार देतो, आणि पडद्यावर तीच "बॅड सुपरब्लॉक" वाली गोंधळवणारी ओळ येते. खरं कारण लिनक्सच्या नोंदींत, या आज्ञेने, वाचता येतं:

सुडो डीएमईएसजी | टेल

त्यात "व्हॉल्यूम इज डर्टी" असं दिसलं तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

सुपरब्लॉक हा शब्द वाचून काही जण ई२एफएससीके चालवतात. ते लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ भागांसाठी आहे. विंडोजच्या भागावर ते कधीही चालवायचं नाही. त्या जागी पूर्वी कधी लिनक्स असेल तर जुने अवशेष शोधून ते विंडोजचा डेटा "दुरुस्त" करत सुटेल. "फोर्स" हा माउंटचा पर्यायही टाळा. त्याने दार उघडतं, पण आतला मोडलेला हिशोब तसाच राहतो आणि त्यावरच नवं लिहिलं जातं.

उपाय विंडोजमध्येच आहे. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क चालवा. आज्ञेची अक्षरं सी, एच, के, डी, एस, के अशी आहेत:

चेकडिस्क डी: /एफ

सी ड्राइव्हसाठी चालवली तर पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का, असं विचारेल. वाय दाबून रीस्टार्ट करा. /एफ पुरेसं आहे. /आर लावलं तर डिस्कवरचा प्रत्येक कप्पा वाचला जातो, आणि एक टीबीच्या जुन्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात. तपासणी अर्ध्यात असताना पुन्हा वीज गेली तर आधीपेक्षा वाईट अवस्था होऊ शकते. म्हणून वीज जाण्याच्या वेळा टाळून बसा, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तो यूपीएसवर लावा.

विंडोज सुरूच होत नसेल तर? विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल, तिथं हीच चेकडिस्क चालते. पण तिथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमची डी तिथं सी किंवा ई असू शकते. आधी डिस्कपार्ट, मग "लिस्ट व्हॉल्यूम" लिहून आकारावरून ओळखा, "एक्झिट" करा आणि मग चेकडिस्क. बाहेरची डिस्क असेल तर शेजाऱ्याच्या विंडोज मशीनला लावून तपासली तरी चालतं.

विंडोज कुठंच मिळत नसेल तेव्हाच लिनक्समधली ही आज्ञा:

सुडो एनटीएफएसफिक्स -एन /डेव्ह/एसडीए३

-एन मुळे ती फक्त काय करेन ते सांगते, करत काही नाही. उत्तरात मोठी चूक दिसली नाही तर -एन च्या जागी -डी लिहून पुन्हा चालवा. डर्टी खूण निघेल. पण ही चेकडिस्कची जागा घेत नाही. ती दोन-चार ढोबळ चुका सुधारते, नोंदवही कोरी करते आणि खूण पुसते, आतल्या सगळ्या फाइलींची तपासणी करत नाही. विंडोज हायबरनेट झालेलं असताना तर ती चालवूच नका.

आता मुळावर. महिन्यातून चार वेळा ड्राइव्ह डर्टी होत असेल तर आज्ञा पाठ करण्यापेक्षा विजेची सोय बघा. घराच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप लावलेला असतो, पंखा-बल्ब चालू राहतात, पण कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला लाइनवरून बॅटरीवर जायला जितका वेळ लागतो, तितका वेळ डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय दम धरत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस मोड" चं बटण असतं. ते त्या बाजूला करा, बदल लवकर होतो. तरी रीस्टार्ट होत असेल तर डेस्कटॉपसाठी वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्याच्या उन्हात बंद खोलीत ठेवला तर त्याआधीच. यूपीएसने बीप केलं की काम वाढवायचं नाही, पाच मिनिटांत मशीन बंद करायचं.

चौथी: उघडते, पण लिहू देत नाही

एफआयएनडीएमएनटी ही आज्ञा द्या आणि तुमच्या ड्राइव्हच्या ओळीत शेवटच्या रकान्याच्या सुरुवातीला आरओ आहे की आरडब्ल्यू ते बघा. आरओ म्हणजे फक्त वाचायला. एनटीएफएस-३जी हा दुसरा ड्रायव्हर हायबरनेट झालेला भाग दिसला की नकार देण्याऐवजी असा वाचनापुरता उघडून देतो. म्हणजे पहिल्या तपासणीवर परत जा. घाईत एखादा फॉर्म, एखादा फोटो फक्त काढून घ्यायचा असेल तर याच अवस्थेत तो कॉपी करून घ्या, त्यात धोका नाही.

आरडब्ल्यू असूनही नकार येत असेल तर मालकीचा प्रश्न आहे. एनटीएफएसवर लिनक्सची मालकी ठरते ती माउंट करताना दिलेल्या पर्यायांवरून. नंतर सीएचमॉड (परवानग्या बदलण्याची आज्ञा) मारून सहसा काही बदलत नाही. ड्राइव्ह रोज लागत असेल तर ती एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या ड्राइव्ह उघडायच्या याची यादी) एकदाच नीट बसवा. आधी त्या फाइलची एक प्रत काढून ठेवा, /एमएनटी/डेटा नावाचा रिकामा फोल्डर बनवा, आणि शेवटी ही एक ओळ घाला:

यूयूआयडी=तुमचा-आकडा /एमएनटी/डेटा एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

यात यूयूआयडी हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत. बाकीचे यूआयडी, जीआयडी वगैरे लहान. आकडा एलएसबीएलके -एफ मधून जसाच्या तसा उतरवा. एसडीए३ असं नाव इथं लिहू नका, कारण दुसरी डिस्क जोडली की एसडीए-एसडीबी ही नावं आपसात बदलू शकतात, यूयूआयडी बदलत नाही. १००० हा बहुधा पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक असतो. "आयडी" ही आज्ञा देऊन खात्री करा. विंडोज_नेम्समुळे फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलनसारखं, विंडोजला न चालणारं चिन्ह घालता येत नाही. आणि नोफेल विसरू नका. ते नसेल आणि ड्राइव्ह उघडली नाही, तर मशीन सुरू होताना दीड मिनिट वाट बघत बसतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये पडतं. मग डी ड्राइव्ह राहिली बाजूला, लिनक्सच सुरू होत नाही. ओळ घातल्यावर रीस्टार्ट करण्याआधी "सुडो माउंट -ए" देऊन बघा. चूक असेल तर तिथंच कळते.

हे फक्त डी साठी करा. सी ड्राइव्ह लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडी ठेवायचं काहीच कारण नाही.

मराठी नावाच्या फाइली नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसत असतील तर एनटीएफएस३ ड्रायव्हरला आयओकॅरसेट=यूटीएफ८ हा पर्याय द्यावा लागतो. पण नाव नीट दिसतंय आणि आतला मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतोय, तर तो डिस्कचा दोष नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आहे.

पाचवी: बिटलॉकर

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, मालकाला पत्ताही नसतो. किल्ली म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज पहिल्यांदा सुरू केलं त्या खात्यात, संकेतस्थळावर डिव्हाइसेसच्या भागात, सहसा मिळते. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर ते खातं आधीच्या मालकाचं असू शकतं. पैसे देण्याआधीच त्याच्याकडून कुलूप काढून घ्या.

की हाती असेल तर लिनक्समध्ये ड्राइव्हवर क्लिक केल्यावर पासवर्डच्या जागी मधल्या आडव्या रेघांसकट ती टाका. क्रिप्टसेटअप २.३ आणि पुढच्या आवृत्त्यांना हे जमतं. त्याहून सोपं म्हणजे विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथं जाऊन ते बंद करणं. चार्जर लावून ठेवा, सगळा भाग मोकळा व्हायला वेळ लागतो. अर्थात लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा उघडा राहील, तो विचार तुमचा. आणि कुलूप चालू असताना बायोसमधली (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधली) सिक्युअर बूटची सेटिंग बदललीत, तर पुढच्या वेळी विंडोजच ती ४८ अंकी की मागू शकतं. आधी की कागदावर लिहा, मग बायोसला हात लावा.

सहावी: डिस्कच दिसत नाही

डेस्कटॉप असेल तर मशीन बंद करून, वायर काढून, डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांना काढून परत घट्ट बसवा. धूळ आणि उंदीर दोन्ही केबलचे शत्रू आहेत. नवी केबल शे-दोनशेत मिळते.

लॅपटॉपमध्ये विंडोजला डिस्क दिसते आणि लिनक्सला नाही, तर बायोसमध्ये स्टोरेज, म्हणजे डिस्क हाताळण्याची पद्धत, "आरएसटी" किंवा "रेड" वर असण्याची शक्यता मोठी. ते एएचसीआय करावं लागतं, पण सरळ बदललं तर विंडोज निळ्या पडद्यावर पडतं. क्रम असा ठेवा: बिटलॉकर असेल तर थांबवा, विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, तिथं ते योग्य ड्रायव्हर उचलतं, मग खूण काढून रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड माहीत असू द्या. बायोसमध्ये दोन डिस्क मिळून एक रेड बनवलेली दिसली तर मात्र काही बदलू नका.

थांबायची जागा

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

आवाज येत नसेल तर डिस्कची तब्येत ही आज्ञा सांगते. (स्मार्टमोनटूल्स हे पॅकेज आधी टाकावं लागतं.) साध्या हार्ड डिस्कवर ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळींतला शेवटचा आकडा बघा. १९७ शून्यापेक्षा जास्त म्हणजे काही कप्पे वाचता येत नाहीत. दोन दिवसांत आकडा वाढला तर डिस्क मरणाच्या वाटेवर आहे. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा केबल बदलली की काम भागतं.

मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क नको, एनटीएफएसफिक्स नको. दोन्ही लिहितात, आणि डिस्कचं वाचणारं डोकं जितकं फिरेल तितकी ती झिजते. डिस्क अजून दिसत असेल, आवाज नसेल आणि तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची रिकामी डिस्क हाताशी असेल, तर डीडीरेस्क्यू या लिनक्समधल्या प्रोग्रामने तिची नक्कल काढा आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करा.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर मशीन बंद करा, वायर काढा आणि जाणकाराकडे जा: टकटक किंवा खरखर आवाज, डिस्क पडलेली, एसएसडीवरून चुकून पुसलेला किंवा फॉरमॅट झालेला भाग (कारण ती चालू राहिली तर आतल्या आत रिकाम्या जागा साफ करत जाते), किंवा अख्खा पार्टिशन तक्ताच (डिस्कचे भाग कुठं आहेत याची यादी) गायब आणि डेटाची दुसरी प्रत नाही. बिटलॉकरची की कुठंच सापडत नसेल तर मात्र जाणकारही उपयोगाचा नाही. की शिवाय उघडून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

केबल, अडॅप्टर, नक्कल काढणं इतकी कामं जिल्ह्याच्या ठिकाणचा चांगला दुरुस्तीवाला करतो. हार्ड डिस्कचं झाकण उघडायचं काम मात्र धूळमुक्त खोलीतच होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईची डेटा रिकव्हरी प्रयोगशाळाच गाठावी लागते. दुकानात कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकणाला हात लावला तर डिस्क परत मागा. डिस्क देताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून चिकटवा: कोणता भाग हवा आहे, त्याचा आकार, बिघाड कधी आणि कशानंतर झाला, आणि ठळक अक्षरांत "फॉरमॅट करू नये". विंडोजला लावल्यावर कधी कधी "डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा चौकोन येतो, आणि दुकानातलं नवं पोरगं सवयीने ओके दाबतं.